कुत्र्याने उंदराच्या औषधाची वडी चावली आहे; तो ठणठणीत दिसत असताना दवाखान्यात न्यावे का?

पडवी (गुहागर तालुका), सकाळी ७.१०

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी वाघ्या नावाचा गावठी कुत्रा आहे. वय ३ वर्षे, वजन साधारण १४ किलो. गणपती पंधरा दिवसांवर आले आहेत, मुंबईहून दीर-जावा आणि मुले येणार आहेत, आणि यंदा माळ्यावर उंदरांनी फार उच्छाद मांडला आहे. म्हणून मामंजींनी चार दिवसांपूर्वी माळ्यावर, कणगीच्या मागे आणि न्हाणीघराजवळ मिळून १२ वड्या ठेवल्या होत्या. त्यातील काही दुसऱ्याच दिवशी नाहीशा झाल्या, तेव्हा उंदरांनी नेल्या असे समजून आम्ही निश्चिंत होतो.

आज पहाटे केर काढायला पडवीत आले, तेव्हा वाघ्या घडवंचीखाली बसून पुढच्या दोन पंजांत काहीतरी धरून कुरतडत होता. मी हाक मारल्यावर त्याने ते सोडले. ती निळसर-हिरवट वडी होती, अर्धी चावलेली, आणि तिचा चुरा त्याच्या मिशांना लागला होता. नंतर घरभर शोधून मोजल्या, तर या अर्ध्या वडीसकट पाचच सापडल्या. म्हणजे सात वड्यांचा पत्ता नाही, आणि त्या उंदरांनी खाल्ल्या की वाघ्याने, हे आता कसे सांगावे?

तो अगदी नेहमीसारखा आहे. शेपटी हलवतो आहे, सकाळी भाकरी खाल्ली, आगरात एक फेरी मारून आला. मामंजींचे म्हणणे असे की जनावराला आपले कळते, ते गवत खाऊन ओकून टाकते, उगाच धावपळ करू नये. गावातून चिपळूणला न्यायचे तर सव्वा-दीड तास लागतो आणि पाऊसही आहे. मला मात्र स्वस्थ बसवत नाही. खाल्लेले केव्हाचे आहे हेच माहीत नसताना वाट पाहणे योग्य आहे का, की आत्ताच निघावे? आणि निघेपर्यंत घरी काही द्यावे का?

आंबेशेत, सकाळी ७.२५

आमच्याकडे पूर्वापार असे काही झाले की मिठाचे पाणी पाजून ओकारी काढतात आणि नंतर दूध-तूप देतात. पोटात विष असेल तर तुपाने त्याचा दाह कमी होतो असे म्हणतात. दवाखाना लांब असेल तर निदान तेवढे तरी करून पाहावे.

देवगडकर, सकाळी ७.३५

ताई, कृपा करून कोणाचेही ऐकत थांबू नका, आधी गाडी सांगा. चार वर्षांपूर्वी माझी काळू अशीच गेली, म्हणून हे लिहितो आहे.

त्या वेळी आमच्या आंब्याच्या पेट्या ठेवण्याच्या शेडमध्ये वड्या टाकल्या होत्या. काळूने त्यातील एक-दोन खाल्ल्या असाव्यात असा संशय आला होता, पण तीन दिवस तिला काहीही झाले नाही. चौथ्या दिवशी ती मागच्या उजव्या पायाने लंगडू लागली. काटा रुतला असेल म्हणून पाय पाहिला, काही दिसले नाही. पाचव्या दिवशी तिने जेवण सोडले आणि ती धापा टाकू लागली. दवाखान्यात नेले तेव्हा हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टरांना गोचीड तापाचा संशय आला, कारण त्या दिवसांत आमच्या भागात गोचीड तापाची जनावरे पुष्कळ येत होती, आणि त्यांनी त्याचे उपचार सुरू केले. वडीचे मला सुचलेच नाही. पाच दिवस होऊन गेले होते, आणि त्या गोष्टीचा या धापेशी संबंध असेल हे माझ्या ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. नंतर डॉक्टरांना वड्यांचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की छातीत रक्त साकळले असणार, आणि लंगडणे हेसुद्धा सांध्यात रक्त उतरल्याचे लक्षण होते. हे पहिल्या दिवशी सांगितले असते तर औषध होते, हे ऐकून मी किती रात्री झोपलो नाही ते माझे मला ठाऊक.

म्हणून एकच विनंती. वड्यांची पिशवी सोबत न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सर्वांत आधी तेच सांगा.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी (रत्नागिरी), सकाळी ७.५०

पडवीताई, आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की वाघ्याला आत्ताच न्यावे. तो ठणठणीत दिसतो आहे, ही थांबण्याची नव्हे, निघण्याची वेळ आहे. घरी काहीही पाजू नये. पिशवीवर औषधाचे नाव काय आहे ते कृपया निघण्यापूर्वी पाहून येथे लिहावे. रंगावरून आणि वडीच्या आकारावरून ते ब्रोमाडिओलोन असावे असे वाटते, पण अशा बाबतीत अंदाजावर चालू नये.

आंबेशेत यांनी आपुलकीने लिहिले आहे हे मी जाणतो, परंतु मिठाचे पाणी कुत्र्याला कधीही पाजू नये. त्याने ओकारी झालीच नाही, तर ते सारे मीठ रक्तात जाते, रक्तातील सोडियम वाढते, आणि झटके येऊन जनावर दगावू शकते. विषापेक्षा मिठाने अधिक हानी झालेली जनावरे मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत. दूध-तुपाचेही तसेच आहे. काही विषे चरबीत विरघळतात आणि तुपाबरोबर अधिक वेगाने शरीरात शोषली जातात. घरात कोणते विष आहे हे ठाऊक नसताना तूप पाजणे म्हणजे त्या विषाला वाट करून देणे होय.

पडवी, सकाळी ८.०५

पिशवी सापडली. त्यावर ‘ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के’ असे आहे, आणि एक वडी २० ग्रॅमची आहे. विषावरील उताऱ्याच्या ठिकाणी जीवनसत्त्व के१ असे छापले आहे. रिक्षा सांगितली आहे, अर्ध्या तासात येईल. मामंजीही बरोबर येत आहेत.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सकाळी ८.२०

उत्तम. रिक्षा येईपर्यंत जे समजून घेणे आवश्यक आहे ते सविस्तर लिहितो, म्हणजे दवाखान्यात काय विचारावे हे आपल्याला कळेल.

रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृतात तयार होतात, आणि ते तयार होण्यासाठी जीवनसत्त्व के१ लागते. एकदा वापरलेले के१ शरीर पुन्हा वापरण्याजोगे करून घेते, आणि नेमके तेच काम ब्रोमाडिओलोन बंद पाडते. पण रक्तात आधीच तयार असलेले घटक त्याने नष्ट होत नाहीत, ते खर्च होईपर्यंत पुरतात. कणगीतला भात संपेपर्यंत घराला टंचाई कळत नाही, तसे हे आहे. म्हणून पहिले दोन दिवस कुत्रा खातो, खेळतो, आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकाएकी कोसळतो. उंदरांसाठी हे औषध असे सावकाश ठेवले आहे ते मुद्दाम, कारण खाल्ल्याबरोबर एक उंदीर मेला तर बाकीचे त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. या जातीचे पहिले औषध वॉरफॅरिन १९४८च्या सुमारास बाजारात आले. ब्रोमाडिओलोन त्याच्या पुढच्या पिढीतील, अधिक तीव्र आणि यकृतात कित्येक आठवडे ठाण मांडून बसणारे आहे. उपचार लांबतात ते यामुळेच.

आता मात्रेविषयी. ०.००५ टक्के याचा अर्थ एका ग्रॅम वडीत ०.०५ मिलीग्रॅम औषध, म्हणजे २० ग्रॅमच्या एका वडीत १ मिलीग्रॅम. वाघ्याने आज पहाटेची अर्धी वडीच खाल्ली असती, तर १४ किलोच्या कुत्र्यासाठी ती फार मोठी मात्रा नव्हती, आणि एखाद्या डॉक्टरांनी औषध न देता केवळ दोन-तीन दिवसांनी रक्ततपासणी करू असेही सांगितले असते. मला काळजी वाटते ती त्या सात वड्यांची. चार दिवस रोज थोडे थोडे खाल्ले गेले असेल, तर हे औषध यकृतात साचत जाते, आणि ज्याला आपण आजचा पहिला दिवस समजतो आहोत तो प्रत्यक्षात चौथा असू शकतो. त्यामुळे ‘पहाटे अर्धी वडी खाल्ली’ एवढेच न सांगता ‘चार दिवसांत सात वड्या नाहीशा झाल्या आहेत’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खाल्ल्यापासून काही तासांच्या आत नेल्यास डॉक्टर औषध देऊन ओकारी काढतात आणि नंतर सक्रिय कोळसा पाजतात. ओकारी काढण्याचे काम त्यांच्याच हातून व्हावे. मात्र आधी खाल्लेल्या वड्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी, रक्ताची तपासणी करून घ्यावी. ती माणसांच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते, पण कुत्र्याचे आकडे माणसाहून वेगळे असतात, म्हणून सोबत एखाद्या निरोगी कुत्र्याचा नमुना दिला तर तुलना नीट होते. ताज्या रक्ताची साध्या काचेच्या नळीतील तपासणीही करतात, म्हणजे नळी २० मिनिटे न हलवता ठेवून रक्त गोठते का हे पाहतात. ते गोठले नाही तर धोका नक्की आहे. गोठले म्हणून मात्र धोका नाही असे मानू नये.

आपल्या कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रक्त न गोठणारा कुत्रा समोर आला, तर येथील डॉक्टरांच्या मनात तीन गोष्टी येतात: फुरसे चावले असेल, गोचीड ताप असेल, किंवा उंदराचे औषध पोटात गेले असेल. तिन्हींचे उपचार निराळे आहेत. फुरशाच्या विषावर जीवनसत्त्व के१ चालत नाही, त्यासाठी सर्पविषाची प्रतिलसच लागते, आणि वडी खाल्लेल्या कुत्र्याला त्या लसीचा उपयोग नाही. देवगडकरांच्या काळूच्या बाबतीत जे झाले ते कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाले असे मी म्हणणार नाही. मुके जनावर काही सांगत नाही, आणि लक्षणे सारखीच असतात. म्हणूनच त्या पिशवीचे मोल एवढे मोठे आहे.

शेवटी औषधाचे नाव नीट पाहून घ्यावे. जीवनसत्त्व ‘के१’ हवे, म्हणजे फायटोमेनाडिओन. औषधाच्या दुकानात कधी कधी ‘के’ म्हणून के३ हातात दिले जाते. ते या विषावर निरुपयोगी आहे.

प्रवासात त्याला उड्या मारू देऊ नये, गळ्यातला पट्टा सैल करावा, उचलताना पोटाखाली हात घालून अलगद उचलावे.

मालवणी घर, सकाळी ८.४०

पडवीताई निघाल्या असतील. त्यांच्यासाठी नाही, पण साहेबांना विचारायचे आहे. आमच्याकडे काळ्या-करड्या भुकटीचे औषध भजीच्या पिठात कालवून टाकतात, आणि शेजारी ट्यूबमधला मलम पावाला लावून ठेवतात. त्या विषांवरही हेच के१ चालते का?

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सकाळी ९.१५

चालत नाही, आणि हा फरक प्रत्येक घराने जाणून घेतला पाहिजे. ती करडी भुकटी बहुधा झिंक फॉस्फाइडची असते. तिला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. पोटातील आम्लाशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो, आणि लक्षणे दिवसांत नव्हे तर काही मिनिटांत ते काही तासांत दिसू लागतात. अशा कुत्र्याला अन्नाचा घास देऊ नये, कारण अन्नाने पोटात आम्ल वाढते आणि वायू अधिक निघतो. तो ओकला तर त्या वांतीवर वाकून पाहू नये. गाडीत असल्यास सर्व काचा उघडाव्यात, कारण तो वायू माणसालाही बाधतो. ट्यूबमधला मलम पिवळ्या फॉस्फरसचा असतो. त्यात कुत्रा मध्यंतरी सुधारल्यासारखा वाटतो आणि नंतर त्याचे यकृत निकामी होते, आणि त्याला दूध-तूप देणे तर सर्वथा वर्ज्य आहे. या दोन्ही विषांवर नेमका उतारा नाही, सारे काही वेळेवर पोहोचण्यावर अवलंबून असते. माझे मत विचाराल तर ज्या घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर आहे, त्या घरात या दोन वस्तू आणूच नयेत.

पाकिटावर चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो, तोही पाहण्याची सवय ठेवावी. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. उताऱ्याचे नाव त्याच वेष्टनावर छापलेले असते. आपण मात्र वड्या काढून घेतल्या की वेष्टन चुलीत घालतो.

आंबेशेत, सकाळी ९.३०

मिठाच्या पाण्याचे मला खरोखर माहीत नव्हते. माझ्या सांगण्यावरून कोणी ते पाजले असते तर या विचाराने मन अस्वस्थ झाले. साहेब, आपण स्पष्ट लिहिलेत हे फार बरे झाले. घरातही सर्वांना सांगितले.

पडवी, त्याच दिवशी रात्री ९.४५

सर्वांचे, विशेषतः साहेबांचे आणि देवगडकरांचे कसे आभार मानावे कळत नाही. आम्ही साडेदहाला चिपळूणला पोहोचलो. मी दारातूनच पिशवी पुढे केली आणि सात वड्यांचे सांगितले. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्या गुलाबी होत्या. मग त्याला उताणे करून पाहिले, तर पोटाच्या कातडीवर, मागच्या पायाच्या बेचक्यात, रुपयाएवढे दोन जांभळे डाग होते. मी रोज त्याला गोंजारते, पण ते मला कधी दिसले नाहीत. रक्त काढले, तेव्हा टोचलेल्या जागी धरलेला कापूस दहा-बारा मिनिटे लालच होत राहिला. मामंजी तो कापूस स्वतः दाबून बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते.

दुपारी तपासणीचा अहवाल आला. दवाखान्यातील निरोगी कुत्र्याच्या तुलनेत वाघ्याच्या रक्ताला गोठायला तिपटीहून अधिक वेळ लागला. म्हणजे तो बरेच दिवस वड्या खात होता. डॉक्टर म्हणाले की आणखी एक-दोन दिवसांत रक्तस्राव सुरू झाला असता, आणि मग दुसऱ्या कुत्र्याचे रक्त देण्याची वेळ आली असती. के१ सुरू केले आहे, आज रात्री त्याला तेथेच ठेवले आहे. उद्या घरी सोडतील असे वाटते.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, रात्री १०.१०

वेळेवर पोहोचलात. के१ दिल्यानंतर नवीन घटक तयार होऊन रक्त सुधारायला साधारण अर्धा ते एक दिवस लागतो, म्हणून आजची रात्र दवाखान्यात ठेवले हे योग्यच झाले.

घरी आल्यावर गोळ्या अन्नासोबत द्याव्यात, आणि त्या अन्नात थोडी चरबी असावी, कारण के१ चरबीबरोबरच नीट शोषले जाते. सकाळी मी तुपाला नको म्हटले होते ते विष कोणते हे ठरण्याआधी आणि उपाय म्हणून. आता भातात उकडलेले अंडे किंवा मटणाच्या चरबीचा तुकडा घालून गोळी द्यायला हरकत नाही. गोळ्या तीन ते चार आठवडे चालतील. आठ दिवसांत तो उड्या मारू लागेल आणि घरातील कोणीतरी म्हणेल की आता कशाला हव्यात. त्या वेळी थांबवू नये, कारण उंदराचे औषध यकृतात तोवर शिल्लक असते. शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी पुन्हा तीच तपासणी करावी, आणि ती नीट आली तरच उपचार संपले असे समजावे. या काळात त्याला दुखण्यावरची माणसांची कोणतीही गोळी देऊ नये.

उरलेल्या वड्या आजच उचलाव्यात. उंदीर वडी ओढत नेतात आणि वाटेत टाकतात, त्यामुळे माळ्यावर ठेवलेली वडी पडवीत येते. मेलेले उंदीरही हातमोजे घालून उचलून खोल पुरावेत, कारण ते खाऊन कुत्र्या-मांजराला आणि घुबडाला बाधा होऊ शकते.

देवगडकर, रात्री १०.३०

वाघ्याचे ऐकून डोळ्यांत पाणी आले.

पडवी, पाच आठवड्यांनंतर

काल शेवटची तपासणी झाली. वाघ्याचे रक्त निरोगी कुत्र्याइतक्याच वेळात गोठले. दहा मिलीग्रॅमच्या चार गोळ्या, दोन वेळांत विभागून, अशा चार आठवडे दिल्या. त्या बहुतेक मामंजींनीच दिल्या. गणपतीत घर माणसांनी भरलेले असतानाही ते भाताचा मुटका करून त्यात गोळी लपवीत आणि त्याने गिळली का हे त्याचे तोंड उघडून पाहत.

कणगी हलवली, तेव्हा मागच्या बिळाच्या तोंडाशी दोन वड्या सापडल्या. म्हणजे सातपैकी पाच कोणी खाल्ल्या हे आता कळणार नाही. माळ्यावर आता दोन पिंजरे लावले आहेत आणि त्यांत सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकवतो. पहिल्या आठवड्यात सहा उंदीर सापडले. कणगीच्या बुडाशी पत्रा ठोकून घेतला. ती रिकामी पिशवी मी फेकली नाही, देवघराच्या कोनाड्यात दवाखान्याच्या कागदांबरोबर ठेवली आहे.